शास्त्राचे दरबारी चित्र

आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान व रसायन या शाखांसाठी नवी इमारत उभी राहिली आहे. तिच्या दर्शनी दालनात, उंबरठा ओलांडताच दृष्टी जिच्यावर पडावी अशी एक मोठी भिंत मोकळी आहे, आणि त्या भिंतीवर काय असावे याचा खल गेले तीन महिने एका समितीत चालला होता. अखेर बहुमताने असे ठरले की, १९०१ साली स्टॉकहोम येथे झालेल्या पहिल्या नोबेल पारितोषिक-समारंभाच्या एका जुन्या रेखाचित्रावरून भव्य तैलचित्र करवून घ्यावे व ते तेथे लावावे. प्रस्तुत लेखक त्या समितीचा सभासद होता आणि ठरावाविरुद्ध मत देणारा तो एकटाच होता. माझे म्हणणे मला पाच मिनिटांत आटोपावे लागले. ते संपताच एका सन्मान्य सभासदांनी, "सरांना स्वतःला पदक मिळाले नाही, त्याचा राग ते चित्रावर काढतात," असा विनोद केला. सभा हसली, मते मोजली गेली आणि पुढचा विषय निघाला.

हा प्रश्न एका भिंतीपुरता असता तर मीही त्या हसण्यात सामील होऊन घरी गेलो असतो. परंतु तो तसा नाही. जे चित्र आमच्या समितीला आवडले तेच चित्र, निराळ्या चौकटीत, आपणा सुशिक्षित मध्यमवर्गीयांच्या प्रत्येक दिवाणखान्यात टांगलेले आहे. शास्त्र म्हणजे काय असे आपल्या मुलांना विचारले, तर त्यांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा उभी राहत नाही. व्यासपीठ उभे राहते. ही समजूत मुलांनी जन्मतः आणलेली नाही. ती आपण त्यांच्या हाती दिली आहे, आणि आता तीच सोनेरी चौकटीत बसवून प्रयोगशाळेच्या दारावर ठोकण्याचा आपला विचार आहे. म्हणून, सभेत मिळाला नाही तो वेळ मी या मासिकाच्या वाचकांकडे मागत आहे.

प्रथम त्या प्रसंगाविषयी. १० डिसेंबर १९०१ हा आल्फ्रेड नोबेल यांचा पाचवा स्मृतिदिन. स्टॉकहोमच्या संगीत-अकादमीच्या सभागृहात स्वीडनचे युवराज गुस्ताव्ह यांच्या हस्ते पारितोषिके दिली गेली. पदार्थविज्ञानाचे पारितोषिक विल्हेल्म राँटगेन यांना, रसायनाचे फान्ट हॉफ यांना, वैद्यकाचे बेरिंग यांना. वाङ्मयाचे पारितोषिक मिळालेले फ्रेंच कवी स्युली प्रुदोम आजारामुळे येऊ शकले नाहीत. प्रत्येक पारितोषिकाची रक्कम सुमारे दीड लाख क्रोनर होती. अशा प्रसंगाच्या चित्रात जे असावयाचे तेच या चित्रात आहे: देणारा राजपुरुष, घेणारा विद्वान, आणि भोवताली उंची पोशाखातील सभ्य स्त्रीपुरुष. राँटगेन तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते.

या समारंभाची मी थट्टा करीत नाही. नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे जे मृत्युपत्र केले ते मोठ्या मनाचे होते. तीन कोटी क्रोनरांहून अधिक किमतीची आपली बहुतेक मालमत्ता त्यांनी मानवजातीचे हित करणाऱ्यांस द्यावी असे लिहून ठेवले, आणि देताना राष्ट्रीयत्वाचा विचार करू नये अशी अट घातली. स्वदेशाचा पैसा परक्यांना का द्यावा, असा ओरडा त्यांच्याच देशात झाला. तो ओरडा मानला गेला असता, तर पहिल्या समारंभात एका डच व दोन जर्मन शास्त्रज्ञांना आमंत्रण गेले नसते. अशा देणगीचा उपहास करणे हे कृतघ्नपणाचे होईल. माझे भांडण पारितोषिकाशी नाही, चित्रकाराशीही नाही. डोळ्यांसमोर घडले ते त्याने काढले. माझे भांडण आहे ते या चित्राला शास्त्राचे मुखपृष्ठ समजणाऱ्या आपल्या दृष्टीशी.

माझा पहिला आक्षेप असा की, या चित्रात शास्त्रज्ञाच्या आयुष्यातील ज्या क्षणी शास्त्र घडत नव्हते नेमका तोच क्षण पकडला आहे. राँटगेन यांच्या चरित्रात तीन चित्रे येतात. ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

पहिले चित्र त्यांच्या शाळेतील. उट्रेख्त येथे शिकत असता कोणा विद्यार्थ्याने एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. ते कोणी काढले हे राँटगेन यांनी सांगावे असा आग्रह झाला. त्यांनी सहाध्यायाचे नाव सांगण्यास नकार दिला आणि त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. परिणामी विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळण्यास लागणारे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी राहिले नाही. पुढे झुरिकच्या तंत्रविद्यालयात प्रवेश-परीक्षा देऊन जाता येते असे कळले, म्हणून १८६५ साली ते तिकडे गेले. आज तो मुलगा आमच्या प्रवेश-खिडकीपाशी आला असता, तर कागदपत्र अपुरे म्हणून आम्ही त्याला परत पाठवले असते. आणि त्याचेच चित्र आम्ही भिंतीवर लावणार!

दुसरे चित्र १८९५ सालच्या डिसेंबरमधले. ८ नोव्हेंबरच्या सायंकाळी वुर्झबुर्ग येथील आपल्या प्रयोगशाळेत, काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून विद्युत्प्रवाह सोडला असता, काही अंतरावर ठेवलेला रासायनिक लेप दिलेला पडदा उजळतो, हे राँटगेन यांच्या ध्यानात आले. नळी झाकलेली होती. प्रकाश बाहेर येण्यास वाट नव्हती. पुढील सात आठवडे या मनुष्याने आपले काम जवळजवळ कोणालाही कळू न देता, स्वतःवरच संशय घेत, पुन्हा पुन्हा तपासले. नोबेल यांनी पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली, ती राँटगेन यांना तो पडदा उजळताना दिसल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी. त्या सहीच्या वेळी पहिल्या पारितोषिकाचे काम एका बंद खोलीत चालले होते आणि ते कोणाला ठाऊक नव्हते. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्था हिचा हात त्या किरणांपुढे ठेवून छायाचित्र घेतले. बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी एवढेच त्यात स्पष्ट दिसते. २८ डिसेंबरला त्यांनी आपला निबंध तेथील शास्त्रीय मंडळाकडे दिला. किरणांचे स्वरूप कळले नव्हते म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना नाव म्हणून दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो ते यामुळेच.

तिसरे चित्र म्हणजे आमच्या समितीने निवडलेले. आता कोणीही निःपक्षपाती वाचकाने सांगावे की, या तिहींपैकी शास्त्र कोणत्या चित्रात आहे? माझे उत्तर असे की ते दुसऱ्यात पूर्ण आहे. पहिल्यातही थोडे आहे, कारण दडपणाखाली न बोलण्याचे जे धैर्य त्या मुलापाशी होते, तेच पुढे खात्री होईपर्यंत न बोलण्याचे धैर्य झाले. तिसऱ्यात मात्र शास्त्राचा लवलेश नाही. त्या चित्रातील राँटगेन यांच्या जागी एखादा विजयी सेनापती अथवा एखादा दानशूर सावकार उभा केला, तर चित्रात एक रेघही बदलावी लागणार नाही. ज्या चित्रातील मनुष्य बदलला तरी चित्र बदलत नाही, ते त्या मनुष्याचे चित्र कसे म्हणावे? गंमत अशी की, स्वतः राँटगेन यांनाही हा सोहळा फारसा मानवला नसावा. पारितोषिकाबरोबर जे व्याख्यान द्यावयाचे ते त्यांनी दिलेच नाही. पारितोषिकाची रक्कम त्यांनी वुर्झबुर्ग विद्यापीठास देऊन टाकली, आणि आपल्या शोधाचे पेटंट कधीही घेतले नाही.

माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे चित्र माणसे गाळते. व्यासपीठ लहान असते. त्यावर एकालाच उभे राहता येते. पाहणाऱ्याची समजूत अशी होते की, शोधही एकट्यानेच लागला. वस्तुतः राँटगेन यांच्या टेबलावर जी नळी होती ती एका दिवसात जन्मली नव्हती. बॉन येथे गाइसलर नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. त्याने हवा काढून घेतलेल्या, दोन्ही टोकांस तारा बसवलेल्या काचेच्या नळ्या बनविल्या. प्ल्युकर, हिटॉर्फ, क्रूक्स, लेनार्ड अशा अनेकांनी त्या नळ्यांवर आपापले आयुष्य झिजविले, आणि मग एका सायंकाळी पडदा उजळला. कारागिराच्या फुंकरीवाचून हा शोध संभवत नव्हता. पण फुंकर तैलचित्रात काढता येत नाही.

त्याच दिवशी त्याच व्यासपीठावर बेरिंग उभे राहिले. घटसर्पावरील रक्तद्रव-चिकित्सेसाठी त्यांचा सन्मान झाला आणि तो योग्यच होता, कारण त्या रोगाने घरोघरची लहान मुले गुदमरून मरत असत. परंतु या चिकित्सेचा पाया ज्या निबंधाने घातला, तो १८९० सालचा निबंध दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला होता: बेरिंग आणि कितासातो. शिबासाबुरो कितासातो हा जपानी शास्त्रज्ञ. धनुर्वाताचे जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखविण्याचे दुर्घट काम त्याने १८८९ साली केले होते, आणि प्रतिद्रव्याची कल्पना प्रथम सिद्ध झाली ती मुख्यतः धनुर्वाताच्याच आधारे. १९०१ च्या चित्रात कितासातो नाही. आमच्या समितीतील एका सभासदाचा युक्तिवाद असा होता की, हे चित्र पाहून आशियातील मुलांना स्फूर्ती मिळेल. मी त्यांना नम्रपणे विचारतो: ज्या चित्रातून आशियातील माणूसच गळला आहे, ते पाहून आशियातील मुलाने नक्की कोणती स्फूर्ती घ्यावी?

हा जुन्या काळाचा दोष होता, आता तसे होत नाही, असे कोणी म्हणेल. आजचे उदाहरण घ्या. गुरुत्वीय लहरींचा वेध प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी लागला, आणि त्याची वार्ता फेब्रुवारी २०१६ मध्ये जगापुढे आली. तो शोध सांगणाऱ्या निबंधावर हजाराहून अधिक लेखकांची नावे होती. २०१७ सालचे पारितोषिक मिळाले तिघांना: वाइस, बॅरिश व थॉर्न. एका पारितोषिकाची वाटणी तिघांहून अधिकांत करता येत नाही असा नियमच आहे. त्या तिघांची योग्यता निर्विवाद होय. परंतु त्या हजारांत आपल्या पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील माणसेही होती. गोंगाटात बुडालेली अतिसूक्ष्म खूण गणिताने कशी हुडकावी, या प्रश्नावर संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी, लहर सापडेल की नाही याची कोणालाच शाश्वती नव्हती तेव्हापासून, वर्षानुवर्षे काम करीत होते. अशीच एक वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाजवळ उभारावयाची असून तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली आहे. उद्या तेथे शेकडो तरुण लागतील: पोलाद जोडणारे, निर्वात नळ्या राखणारे, रात्रपाळीला आकडे पाहणारे. आमच्या महाविद्यालयातून गेलेल्या मुलाने तेथे हजारांतील एक म्हणून जाण्यात धन्यता मानावी, की व्यासपीठावरील तिघांत आपण नाही म्हणून आयुष्य फुकट गेले असे समजावे? आपण त्याला तीन वर्षे कोणत्या चित्राखालून ने-आण केली, यावर ते थोडेफार अवलंबून राहील.

तिसरा आक्षेप मुंबईचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले जंतुशास्त्रज्ञ त्या सुमारास हिंदुस्थानात होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात, तुटपुंज्या जागेत व मोजक्या मदतनिसांसह त्यांनी लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्या क्षणाचे चित्र कोणी काढले नाही. समारंभ नव्हता, युवराज नव्हते. पुढे लक्षावधी लोकांनी ती लस घेतली. मग १९०२ सालच्या अखेरीस पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. गावात ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, हे सत्य पुढे येऊन ते निर्दोष ठरेपर्यंत १९०७ साल उजाडले. मुंबईतील त्यांची जागा त्यांना परत मिळाली नाही. परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले ते १९२५ साली, ते हिंदुस्थान सोडून गेल्यानंतर.

मुल्कोवालच्या घटनेनंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर १९०२ मध्ये, स्टॉकहोमला दुसरा समारंभ झाला आणि हिंदुस्थानातच केलेल्या मलेरियाच्या संशोधनासाठी रोनाल्ड रॉस यांना वैद्यकाचे पारितोषिक मिळाले. एकाच देशात, एकाच दशकात, डासांच्या व उंदरांच्या मागे लागलेले हे दोघे शास्त्रज्ञ: एक व्यासपीठावर, दुसरा चौकशीत. समारंभाच्या चित्रावरून शास्त्राची पारख करणाऱ्याने हाफकिन यांना काय म्हणावे? अयशस्वी म्हणावे? परळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणत्याही मुंबईकराने याचे उत्तर द्यावे.

येथे माझ्या विरुद्ध पक्षाला अनुकूल असलेली एक गोष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. हाफकिन यांची बाजू घेऊन १९०७ साली विलायतेच्या वृत्तपत्रांतून ज्यांनी जोराने लिहिले त्यांत रॉस अग्रभागी होते. पारितोषिकाने रॉस यांच्या शब्दाला जे वजन आले होते, ते त्यांनी एका कलंकित सहकाऱ्याच्या पारड्यात टाकले. पदकाचा असाही उपयोग होतो, आणि तो मला मान्य आहे. परंतु हा उपयोग समारंभानंतर पाच वर्षांनी झाला. चित्रात तो नाही.

आता मुख्य आक्षेपकांकडे वळतो. ते म्हणतात की, सन्मानाच्या दृश्याने तरुणांत ईर्ष्या उत्पन्न होते, आणि ईर्ष्येवाचून कार्य होत नाही. आपल्या रामन यांचेच उदाहरण पाहा. पाहू या. १९३० साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्टॉकहोमला पारितोषिक स्वीकारले. देणारा हात तोच होता. १९०१ चे युवराज गुस्ताव्ह आता राजे होते. रामन यांनी पुढे सांगितले आहे की, पारितोषिक घेऊन वळले असता आपण ब्रिटिश निशाणाखाली बसलो होतो, आपल्या देशाला स्वतःचे निशाणही नाही, हे जाणवून त्यांचे डोळे भरून आले. समारंभाच्या चित्रात त्यांचा फेटा दिसेल, झगझगाट दिसेल. ते अश्रू कोणत्या रंगाने काढणार?

आणि रामन घडले कोठे? स्टॉकहोमला नव्हे. १९०७ साली सरकारी हिशेबखात्यात नोकरीला लागून ते कलकत्त्यास आले, आणि महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून स्थापिलेल्या, पण बहुतांशी ओस पडलेल्या विज्ञानसंस्थेचे दार त्यांनी ठोठावले. दार उघडले आशुतोष डे या संस्थेतील सहायकाने. तो पुढे कित्येक वर्षे रामन यांच्या प्रयोगांत त्यांचा उजवा हात झाला. रामन पहाटे कचेरीपूर्वी तेथे जात, आणि सायंकाळी कचेरी सुटली की घरी न जाता पुन्हा तेथेच जात. हा क्रम दहा वर्षे चालला. कोणत्या चित्राने त्यांना ईर्ष्या दिली हे मला माहीत नाही. पण एवढे निश्चित की, कचेरी सुटल्यावर उघडी असलेली एक प्रयोगशाळा आणि दार उघडणारा एक मनुष्य, या दोन गोष्टी नसत्या तर बाकीचे काहीच घडले नसते.

वाचकहो, आमची प्रयोगशाळा सायंकाळी पाचला बंद होते. परिचरांच्या चार जागांपैकी दोन गेली कित्येक वर्षे रिकाम्या आहेत. जे दोघे आहेत त्यांना थांबवून घेण्यास जादा वेतनाची तरतूद नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मजकडे येऊन, वर्णपटमापकावर संध्याकाळी काम करू देता का, असे विचारले. अभ्यासक्रमात नसलेले काहीतरी त्याला मोजून पाहावयाचे होते. तीस वर्षांच्या अध्यापनात असा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला असेल. मी प्रयत्न केला. परवानगी मिळाली नाही, कारण कुलूप लावणाऱ्याचा प्रश्न सुटत नव्हता. तो विद्यार्थी पुन्हा आला नाही. आणि समितीने तैलचित्रासाठी जी रक्कम मंजूर केली आहे, तिच्यात एक परिचर वर्षभर दररोज तीन तास सायंकाळी थांबू शकतो. हा हिशेब मी सभेत मांडला होता. विनोद झाला तो त्यावरच.

त्या विनोदाचेही उत्तर देणे आहे. मला पदक मिळाले नाही, हे खरे नाही. पदवी-परीक्षेत मला विद्यापीठाचे पदक मिळाले होते. ते घरी आणले त्या दिवशी माझ्या आईने ते देवघरात ठेवून त्याला कुंकू लावले; पुढे वडिलांनी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवले, आणि तेथे ते अद्याप आहे. पाहुण्यांना ते दाखविले जाई, आणि मीही जवळ उभा राहत असे. इतकी वर्षे उलटल्यावर आज मी स्वतःला विचारतो की, त्या पदकानंतर मी शास्त्रात कोणती भर घातली? उत्तर देण्यास मला जड जाते. मी इमानाने शिकविले, उत्तरपत्रिका तपासल्या, दोन क्रमिक पुस्तके लिहिली. पण एखादा पडदा अवचित उजळला असता त्याच्यापाशी सात आठवडे बसण्याची शक्ती माझ्यात उरली नव्हती. पदक मिळाले तेव्हाच मला आणि माझ्या घरच्यांना वाटले होते की काम झाले. चित्रातल्या व्यासपीठाचा परिणाम मनावर काय होतो हे मी ऐकीव माहितीवरून सांगत नाही.

मग भिंत रिकामी ठेवावी काय? मुळीच नाही. माझी सूचना अशी आहे. त्या भिंतीवर बर्था राँटगेनच्या हाताचे छायाचित्र मोठे करून लावावे. त्यास खर्च फारच थोडा येईल. एक सभासद म्हणाले की, हाडांचे चित्र पाहून मुले दचकतील. दचकू देत. दचकलेला मुलगा विचारील: हा हात कोणाचा? मांस का दिसत नाही? अंगठी एवढी काळी का? अंगठीतून न जाणारे किरण मांसातून कसे गेले? या चारही प्रश्नांची उत्तरे त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शिकवली जातात. समारंभाचे चित्र पाहून तो एकच प्रश्न विचारील: किती रुपये मिळतात? त्याचे उत्तर कोणत्याही वर्तमानपत्रात मिळते. त्यासाठी महाविद्यालयाची आवश्यकता नाही.

छायाचित्राखाली एक साधा फलक असावा, आणि त्यावर या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांत आजवर काम केलेल्या परिचरांची नावे लिहावीत. काचसामान धुणाऱ्या, संचघट भरणाऱ्या, परीक्षेच्या आदल्या रात्री उपकरणे मांडणाऱ्या त्या माणसांची नावे आमच्या कोणत्याही अहवालात नाहीत. आणि उरलेल्या रकमेतून प्रयोगशाळा सायंकाळी आठपर्यंत उघडी ठेवावी. यातली पहिली सूचना कोणाला विक्षिप्त वाटली, दुसरी भाबडी वाटली, तरी तिसरीविषयी माझा आग्रह कायम राहील. चित्र हवेच असेल तर त्यांनी ते खुशाल लावावे; पण ते दालन पाचनंतर कुलूपबंद असणार असेल, तर त्या चित्राखालून आत जाणार कोण?

समितीची पुढील सभा महिनाअखेरीस आहे. ठरावाचा पुनर्विचार व्हावा अशी लेखी सूचना मी दिली आहे. तिला अनुमोदक अद्याप मिळालेला नाही. ज्या वाचकांची मुले आमच्या, अथवा अशाच कोणत्याही, महाविद्यालयात शिकत आहेत त्यांना माझी विनंती आहे की, या वर्षीच्या पारितोषिक-वितरण समारंभाला येतील तेव्हा त्यांनी घटकाभर आधी यावे, प्रयोगशाळेकडे एक फेरी मारावी, आणि तिचे दार उघडे आहे की बंद, एवढे पाहून मग सभागृहात जाऊन बसावे.